एसी घेण्याआधी छताचा हिशेब

सोलापुरात एसीच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न खोलीच्या मापाचा असतो आणि दुसरा वर काय आहे याचा. "वर गच्चीच आहे" म्हटलं की दुकानदार कॅल्क्युलेटरला हातही लावत नाही. "मग दीड टन घ्या ताई. एक टन नुसता फिरत राहील, खोली काही गार व्हायची नाही." जिथे गेले तिथे हेच उत्तर मिळालं. दहा बाय दहाला एक टन, त्याच्या पुढे दीड, शेवटचा मजला असेल तर अर्धा टन वाढवा. एकाने तर दोन टन सुचवला. "जुळे सोलापूरला उघड्यावर घर आहे ना तुमचं, मग दोनच टाका."

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग आणि एस्टिमेटचं काम करते. स्लॅबला किती सिमेंट, किती खडी, किती किलो सळई हे दिवसभर काढणाऱ्या बाईला 'अंदाजे दीड टन' पचणं अवघड आहे. तोच स्लॅब, त्याच विटा. त्यांचं वजन काढता येतं, पैसे काढता येतात, मग त्या किती ऊन आत घेतात हे का काढता येऊ नये? ऑफिसातल्या कपाटात भारतीय मानक ब्यूरोचं एसपी ४१ हे १९८७ सालचं हँडबुक होतं. त्यात बांधकामाच्या साहित्याचे उष्णतेचे गुणधर्म कोष्टकात दिलेले आहेत. ते घरी आणलं आणि वहीत हिशेब मांडायला बसले.

आधी खोली सांगते. वरच्या मजल्यावरची, चौदा बाय बारा फूट, उंची दहा फूट. चौदा फुटांची भिंत पश्चिमेला, तिच्यात चार बाय पाचची काचेची खिडकी. दक्षिणेची भिंतही बाहेरची. बाकीच्या दोन भिंतींपलीकडे घरातल्याच खोल्या. डोक्यावर पाच इंची स्लॅब, त्यावर सरासरी चार इंचांचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), सिमेंटने घोटलेला. भिंती नऊ इंची विटेच्या, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टर. थोडक्यात, सोलापुरात गेल्या तीसेक वर्षांत बांधलेलं कुठलंही घर.

कोष्टकातल्या पहिल्या आकड्याला उष्णतावाहकता म्हणतात. एक मीटर जाड थराच्या दोन बाजूंत एका अंशाचा फरक असेल, तर दर चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता पलीकडे जाते, तो हा आकडा. आरसीसीसाठी १.५८, भाजलेल्या विटेसाठी ०.८१, सिमेंट प्लॅस्टरसाठी ०.७२, मातीच्या फुस्क्यासाठी (छतावर टाकतात तो माती-भुशाचा थर) ०.५२, थर्माकोलसाठी ०.०३५ च्या आसपास. जाडीला या आकड्याने भागलं की त्या थराचा रोध मिळतो. सगळ्या थरांचे रोध एकाखाली एक लिहायचे, बेरीज करायची आणि एकला त्या बेरजेने भागायचं. जे येतं ते यू-मूल्य, म्हणजे एका अंशाच्या फरकाला अख्ख्या छताच्या किंवा भिंतीच्या दर चौरस मीटरमधून किती वॅट आत येतात तो आकडा. जितका कमी तितकं बरं. गणित सातवीतल्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे. अडचण एककांची येते. जुन्या पुस्तकांत किलोकॅलरी असतात, एसीवाल्यांच्या कागदांवर बीटीयू (उष्णतेचं इंग्रजी एकक) आणि इंच. एकाच वहीत ही सरमिसळ झाली की उत्तर कुठल्या कुठे जातं, म्हणून सुरुवातीलाच सगळं वॅट, मीटर आणि अंश सेल्सियसमध्ये करून घेतलं.

माझ्या छताचा हिशेब असा आला. खालचं प्लॅस्टर ०.०१७, स्लॅब ०.०७९, कोबा ०.१२५ (कोबा म्हणजे विटांचे तुकडे आणि मॉर्टरच, म्हणून वाहकता ०.८ धरली). यात हवेचे दोन थर मिळवायचे असतात. पृष्ठभागाला चिकटून जी हवा जवळजवळ हलत नाही, तीही उष्णता अडवते. गच्चीवर वारा असतो, म्हणून तिथे फक्त ०.०४. छताखाली मात्र ०.१७, कारण तापलेल्या छताखालची हवा गरम आणि हलकी असते, ती वरच तरंगत राहते, खाली यायचं नाव घेत नाही. सगळं मिळून ०.४३, म्हणजे यू-मूल्य २.३.

इथे मी पेन खाली ठेवलं. पाच इंच काँक्रीट आणि लोखंड मिळून जेवढा रोध देतात, त्याच्या दुप्पट रोध छताखालची ती न हलणारी हवा देते! स्लॅब भरायच्या दिवशी अख्खं घर ज्याच्यामागे धावत असतं, तो उन्हाच्या बाबतीत जवळजवळ नसल्यासारखाच. आणि मे महिन्यात पंखा पाचवर ठेवला की नुसता गरम वारा का लागतो, तेही याच ओळीत सापडलं. छताशी थबकलेली हवा पंखा ढवळून खाली आणतो, म्हणजे जो थर अडवत होता तोच मोडतो.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची इको-निवास संहिता २०१८ साली आली. तिच्यात निवासी इमारतीच्या छताचं यू-मूल्य १.२ पेक्षा जास्त नसावं असं म्हटलंय. माझं त्याच्या जवळजवळ दुप्पट. कोबा नसता, नुसता स्लॅब असता, तर ३.३ आलं असतं. सोलापुरात असे नुसते स्लॅब भरपूर आहेत. 'वर अजून एक मजला चढवायचाय' म्हणून कोबा टाकलेला नसतो, सळया वर तशाच ठेवलेल्या असतात आणि मजला काही चढत नाही.

पण यू-मूल्य हे निम्मंच उत्तर. त्याला तापमानाच्या फरकाने गुणायचं असतं, आणि गच्चीसाठी हवेचं तापमान धरून चालत नाही. बाहेर ४२ असलं तरी गच्ची ४२ वर थांबत नाही. ऊन शोषून ती त्याहून कितीतरी वर जाते. त्यासाठी 'सोल-एअर' नावाचं एक हिशेबी तापमान वापरतात. हवेचं तापमान घ्यायचं, त्यात पृष्ठभागाने शोषलेलं ऊन भागिले २५ मिळवायचं आणि आकाशाकडे निघून जाणाऱ्या उष्णतेपोटी चारेक अंश वजा करायचे. करड्या सिमेंटची गच्ची सत्तर टक्के ऊन शोषते. दुपारचं ऊन चौरस मीटरला ९५० वॅट धरलं, तर उत्तर साडेचौसष्ट अंश. तीच गच्ची पांढरीशुभ्र असेल, तीसच टक्के शोषत असेल, तर साडेएकोणपन्नास. नुसत्या रंगाने पंधरा अंश.

आपल्याकडे छतावर एवढा भर का द्यायचा, याचं कारण सूर्याच्या वाटेत आहे. सोलापूरचा अक्षांश १७.७ च्या आसपास. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे वर्षातला सगळ्यात तापलेला महिना आणि गच्चीवर सगळ्यात सरळ पडणारं ऊन एकाच वेळी. दक्षिणेच्या भिंतीला त्या दिवसांत जवळजवळ थेट ऊन लागत नाही. थंड देशांतली पुस्तकं चाळली तर तिथे सगळा जीव दक्षिणेच्या खिडकीत आणि हीटिंग लोडमध्ये अडकलेला असतो. आपल्याला हीटिंगचं काय करायचंय? गड्ड्याच्या जत्रेत रात्री स्वेटर घातला की आपला हिवाळा झाला.

कागदावरचे आकडे खरे किती हे बघावं म्हणून तापमानाची बंदूक शोधली. कोरोनात घेतलेली घरात होती, पण ती माणसाचा ताप बघायची. गच्चीवर धरली की नुसतं 'हाय' दाखवायची. ओळखीच्या एसी मेकॅनिककडून कामाची आणली. दुपारी दोनला गच्चीवर ६१ दाखवलं, हिशेबातल्या साडेचौसष्टच्या तसं जवळच. शेजारच्या जिन्यावरच्या नव्याकोऱ्या चकचकीत पत्र्यावर धरली तर ३८! पत्रा गार नव्हता, हात लावून बघितला असता तर फोड आला असता. ही बंदूक पृष्ठभागातून निघणारे उष्णतेचे किरण मोजते, आणि चकचकीत पत्रा स्वतः किरण फारसे सोडत नाही, वरच्या आकाशाचेच परत पाठवतो. सिमेंट, चुना, रंग, वीट यांवर आकडा भरवशाचा येतो. चमकणाऱ्या धातूवर नाही.

मग आत येऊन पलंगावर उभी राहून छताला बंदूक लावली. दुपारी तीनला ३९. सहाला ४१. रात्री आठला ४३. पहाटे पाचला गच्चीवर गार वारा सुटलेला, सूर्य गेल्याला दहा तास होऊन गेलेले, तरी छत ३६. बाहेरचं ऊन उतरायला लागलं की आत छत चढायला लागतं, हे सोलापूरकराला सांगायला नको. संध्याकाळी साडेसातनंतर वरच्या खोलीत कोण बसतं? पण किती वाजता चढेल हे आधी सांगता येतं, ते मात्र मला नवीन होतं.

त्यासाठी कोष्टकातले आणखी दोन रकाने लागतात, घनता आणि विशिष्ट उष्मा. आरसीसीची घनता घनमीटरला २,२८८ किलो, विशिष्ट उष्मा ०.८८ किलोज्यूल. नळाच्या आणि टाकीच्या भाषेत सांगायचं तर वाहकता म्हणजे नळ किती मोठा, आणि घनता गुणिले विशिष्ट उष्मा म्हणजे टाकी केवढी. नळ मोठा असला तरी मधली टाकी भरल्याशिवाय पलीकडे पाणी पडत नाही, आणि नळ बंद झाल्यावरही टाकी वाहतच राहते. स्लॅबचं दोन्हीही मोठं. वाहकतेला या गुणाकाराने भागलं की विसरणशीलता मिळते, आणि तिच्यावरून उष्णतेची लाट थर ओलांडायला किती तास घेईल ते निघतं. जाडी मीटरमध्ये घ्यायची, विसरणशीलता ताशी चौरस मीटरमध्ये, तिच्या वर्गमुळाने जाडीला भागायचं आणि १.३८ ने गुणायचं. ढोबळ सूत्र आहे, पण कामाचं. पाच इंची स्लॅबला सव्वातीन तास, कोबा धरून साधारण साडेसहा. गच्ची दीडच्या सुमारास सगळ्यात तापते, म्हणजे आत कळस आठच्या सुमारास. बंदुकीनेही तेच सांगितलं होतं. नऊ इंची विटेच्या भिंतीला सातेक तास लागतात. पश्चिमेची भिंत पाचला तापते, ती आत फेकणार मध्यरात्री. म्हणजे झोपायच्या खोलीसाठी ही भिंत सगळ्यात वाईट वेळ गाठते.

आता टनांकडे येते. आत २६ अंश हवेत असं धरलं. छतातून १,४०० वॅट. पश्चिमेच्या भिंतीतून ६८०, दक्षिणेच्या ४००, आतल्या भिंती आणि फरशीतून अडीचशे. एकट्या पश्चिमेच्या खिडकीतून एक हजार पंच्याहत्तर! वीस चौरस फूट काच, आणि तिच्या बाजूच्या सहापट मोठ्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता आणते, कारण काचेतून ऊन थेट आत येतं, त्याला कुठल्या टाकीची वाट बघावी लागत नाही. फटींतून येणारी हवा २३०, दोन माणसं २४०, पंखा आणि दिवा शंभर. एकूण ४,३७५ वॅट. एक टन म्हणजे ३,५१७ वॅट. उत्तर सव्वा टन.

म्हणजे दुकानदाराचा दीड टन अगदीच हवेतला नव्हता. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. बाहेर ४३ झाले की यंत्राचा दम कमी पडतो, हे धरलं तर त्याचा अंदाज माझ्या वहीशी जुळतोच. या लोकांनी शेकडो खोल्या गार केल्यात, त्यांना थट्टेवारी नेण्यात अर्थ नाही. फक्त त्यांचा नियम छत आहे तसंच राहणार असं गृहीत धरतो. चौरस फूट मोजतो, त्या चौरस फुटांवर काय टाकलंय ते मोजत नाही.

शिवाय या बेरजेत एक गोष्ट लपलेली आहे, आणि माझ्या मते तीच मुख्य. खोलीतली सगळी हवा जेमतेम ५२ किलो भरते. ती ३८ वरून २६ वर आणायला दीड टनी एसीला दोन मिनिटं पुरतात. मग तासभर एसी घोंघावूनही बरं का वाटत नाही? कारण त्या खोलीवरच्या नुसत्या स्लॅबची उष्णता साठवायची ताकद हवेच्या पंच्याहत्तर पट आहे. तो दहा अंश उतरवायचा तर ३९ मेगाज्यूल, म्हणजे अकरा युनिट उष्णता काढावी लागते. त्यातली काही रात्री आकाशाकडे निघून जाते, बाकीची आपण एसीकडून उपसून घेतो आणि विजेच्या बिलात भरतो. दुसऱ्या दिवशी सूर्य टाकी पुन्हा भरून ठेवतो. त्यात ४३ अंशांचं छत अंगावर किरण टाकत असतं. अंगाला जाणवतं ते हवा आणि भोवतालचे पृष्ठभाग यांच्या मधलं काहीतरी. डिस्प्लेवर २६ असतं आणि कपाळावर घाम.

घरात हा सगळा उद्योग बघून सासूबाईंना हसू येत होतं. त्यांचं माहेर मंगळवेढ्याकडचं, माळवदाचं घर. "आमच्या घरात पंखा नव्हता. दुपारी गोधडी अंथरून झोपायचो," हे त्यांचं दर उन्हाळ्याचं वाक्य. म्हटलं, आई, तुमच्या माळवदाचाही हिशेब करू. "कर की. माती काय तुझ्या पुस्तकात असते व्हय?" असते. त्यांना विचारत विचारत थर लिहिले. खाली तुळया, त्यावर फळ्या, त्यावर एक फूट पांढरी माती. एक फूट मातीचा रोध ०.५८, फळ्यांचा ०.१८, हवेचे दोन थर धरून यू-मूल्य १.०३. दिल्लीतल्या संहितेने २०१८ साली घातलेल्या मर्यादेत मंगळवेढ्याचं माळवद आरामात बसतं. लाट आत पोहोचायला अकरा तास. दुपारी दीडचं ऊन मध्यरात्रीनंतर आत उतरणार, आणि तेव्हा घरातली सगळी माणसं माळवदावर झोपलेली.

भिंतींनी मात्र चकवलं. दोन फुटी काळ्या दगडाच्या भिंतीला सगळे नावाजतात. भरीव दगड धरला तर तिचं यू-मूल्य २.० येतं, माझ्या नऊ इंची विटेच्या भिंतीचंही २.०. दगड स्वतः उष्णता भराभर नेतो, त्यामुळे जाडीचा सगळा फायदा तिथे खर्ची पडतो. पण उष्णतेच्या लाटेला तो दगड ओलांडायला पंधरा तास लागतात, आणि तोवर ती इतकी मवाळ होते की आतल्या माणसाला दिवस-रात्रीचा फरकच कळत नाही. नुसत्या यू-मूल्यावर घरांची तुलना करणाऱ्याला वाडा आणि बंगला एकाच रांगेत दिसतील.

तरी परत माळवद करा म्हणणाऱ्यांतली मी नाही. एक फूट माती म्हणजे चौरस मीटरला ४८७ किलो. स्लॅब आणि कोबा आधीच आहेत, त्यावर हे वजन टाकायला कुठलाच आरसीसी कन्सल्टंट सही करणार नाही. शिवाय मृगाआधी माती चढवायची, धुम्मस करायचं, गळलं की पातेली मांडायची, हे करणारी माणसं आता घरात कुठे आहेत? सासूबाईंनाही ते माहीत आहे. "गळायचं मात्र लई," हे त्या दुसऱ्या वाक्यात सांगतातच.

मग उपाय काय, यावर घरात बरीच घासाघीस झाली. नवऱ्याचं मत खालून पीओपीचं फॉल्स सीलिंग करावं, दिसायलाही बरं. हिशेब केला. मधली हवा आणि जिप्समचा बोर्ड धरून यू-मूल्य २.३ वरून दीडपर्यंत येत होतं. वाईट नाही. वर काचलोकर (ग्लासवूल) टाकली तर आणखी खाली. आणि एसी फक्त रात्री दहा ते सहा लावायचा असेल तर खालून रोधक लावण्यात एक सोय आहे, स्लॅबची टाकी खोलीपासून तोडली जाते आणि खोली लवकर गार होते. पण मग वरचा स्लॅब उन्हात आणखी तापतो, दिवसा पसरतो, रात्री आकसतो, आणि चिरा तिथूनच सुरू होतात. शिवाय आम्हाला वर्षातले दहा महिने एसीशिवाय राहायचंय. रोधक वर टाकलं तर ऊन टाकीपर्यंत पोहोचतच नाही, आणि खोलीच्या आत एक मोठं थंड वजन राहतं. रात्री खिडक्या उघडल्या की ते आणखी गार होतं. सोलापूरच्या कोरड्या हवेत दिवस-रात्रीच्या तापमानात जो फरक असतो, तो असा वापरता येतो. मी वरून करायचं ठरवलं.

गच्चीवर पाणी मारणं हा आपला जुना उपाय, तोही तपासला. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेतं. म्हणजे स्लॅब दहा अंश उतरवायला कागदावर सोळा लिटर, एक मोठी बादली. प्रत्यक्षात निम्मं पाणी पाइपातून खाली जातं आणि वरचा पापुद्राच गार होतो. पण ज्या गावात नळाचं पाणी काही दिवसांआड येतं तिथे रोज गच्ची धुवायची कल्पना शेजारी ऐकूनही घेणार नाहीत.

आमचे मिस्त्री साखर पेठेतले. गुलाबी रंगाच्या, दोन इंच जाडीच्या एक्सपीएस (एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन, घट्ट फोम) शीट बघून म्हणाले, "थर्माकोलच आहे की ओ मॅडम हे. पैसे कशाला जास्त देलालाव?" त्यांचं अर्धं बरोबर होतं. दोघांच्या वाहकतेत फार अंतर नाही, एक्सपीएस ०.०३, थर्माकोल ०.०३५. फरक आहे तो पाण्याचा आणि दाबाचा. हलका थर्माकोल पाणी पितो, आणि ओल शिरली की रोधक उरत नाही, कारण पाण्याची वाहकता अडकलेल्या हवेच्या वीसपटीहून जास्त. मी एक तुकडा त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो खाली टाकून टाचेने दाबला, मग त्यावर उडी मारली. दबला नाही. त्यानंतर काही विचारलं नाही. कोब्यातल्या चिरा भरून वॉटरप्रूफिंगचा कोट, पॅरापेटच्या कडेला गोलाई, त्यावर शीट, सांध्यांवर टेप, जाळी टाकून दोन इंच काँक्रीट आणि वर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. काँक्रीटच्या थराचं वजन चौरस मीटरला एकशेदहा किलो. ते चालेल का हे ऑफिसातल्या आरसीसी सरांकडून आधी तपासून घेतलं होतं, आणि ते प्रत्येकाने घ्यावंच. पांढरा तुकडा मी हट्टाने घेतला. चुना पहिल्या पावसात जातो, रंग दोन-तीन वर्षांत धुळीने करडा होतो. टाइल झाडली की परत पांढरी.

यू-मूल्य ०.४८ झालं. पांढरा रंग धरून छताचे १,४०० वॅट पावणेदोनशेवर आले. खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावली. पडदा आतून लावून उपयोग नाही, तोवर ऊन काच ओलांडून आलेलं असतं आणि पडदाच तापून बसतो. चिकेने खिडकीचा आकडा चारशेच्या आत आणला. नवी बेरीज २,४६५ वॅट, ०.७ टन. बाहेर ४३ असताना घटणारी क्षमता धरली तरी एक टनात भागतं.

एक टनाचा इन्व्हर्टर एसी घेतला. दुकानदार "तक्रार घेऊन येऊ नका" असं बजावून मोकळा झाला. मेमध्ये रात्री आठला छताला बंदूक लावली, ३५. एसी २७ वर ठेवून चालतो, मध्यरात्रीनंतर बऱ्याचदा बंद करून नुसता पंखा पुरतो. पश्चिमेची भिंत मात्र हिशेबात म्हटल्याप्रमाणे अकरा-बाराला उबदार लागते. तिचे ६८० वॅट मी तसेच सोडलेत. वर एखादी खोली चढवलीच तर तिची पश्चिमेची भिंत एएसी ब्लॉकची (हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटची) करेन. आठ इंची ब्लॉकचं यू-मूल्य ०.८ च्या आत येतं, विटेच्या निम्म्याहून कमी. राखेच्या विटाही हल्ली सर्रास वापरतात आणि त्या 'थंड' म्हणून विकल्या जातात. त्यातल्या जड विटेची वाहकता मातीच्या विटेइतकीच असते. वीट घेताना नाव न विचारता घनता विचारावी, हलकी असेल तरच ती उष्णता अडवते.

हे बघून दिराने त्याच्या यंत्रमागाच्या शेडचा हिशेब करायला सांगितलाय. तिथे वर लोखंडी पत्रा. पत्र्याची वाहकता ६१, काँक्रीटच्या जवळजवळ चाळीस पट. पण यू-मूल्य काढलं तर ४.८, नुसत्या स्लॅबच्या दीडपटच. पत्र्याचा स्वतःचा रोध शून्य, जे काही अडवतात ते हवेचे दोन थर. टाकीही नाही, त्यामुळे दुपारी शेडमध्ये उभं राहवत नाही आणि रात्री नऊला ती आमच्या जुन्या खोलीपेक्षा गार असते. शिवाय प्रत्येक मागाची मोटर एक अश्वशक्तीची धरली तरी पाऊण किलोवॅट उष्णता आतच सोडते. एवढ्या यंत्रांत एसीचा प्रश्नच नाही. तिथे पत्र्याला वरून पांढरा रंग, खालून रोधक आणि शिखरावरून गरम हवा बाहेर काढायला किती मोठी फट लागेल, एवढंच काढायचंय. मोटरच्या पाट्या वाचून आकडे आण म्हणून त्याला सांगितलंय.